नगाऱ्याचा घसा बसला तेव्हा

परदेशी पुढाऱ्यांची भाषणं आपल्या भाषेत ऐकवायला त्या वृत्तवाहिनीने दोन गळे पाळले होते. एक नगारा, दुसरा पिपाणी. दोघांची खरी नावं पगारपत्रकापुरतीच उरली होती. नगारा माइकसमोर बोलू लागला की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरे. पिपाणीचा आवाज बारीक, नाकातला आणि वाक्याच्या शेवटी किंचित रडवेला. तो नुसतं 'चहा घेणार?' म्हणाला तरी घरात कोणीतरी गेल्यासारखं वाटे.

कामाची वाटणी कुणी बोलून दाखवलेली नव्हती, पण पक्की होती. पश्चिमेकडच्या बड्या राष्ट्रांचे अध्यक्ष, मंत्री, सेनापती नगाऱ्याकडे. ज्यांच्यावर बॉम्ब पडत ते पिपाणीकडे. बडा साहेब 'आम्हाला चिंता वाटते' म्हणाला की ऐकणाऱ्याला धीर येई. ज्याचं घर पडलं तो 'माझं घर पडलं' म्हणाला की लोक हळूच दुसरी वाहिनी लावत. मध्यंतरी एका हुकूमशहाने आपलं तेल बड्या राष्ट्राला द्यायचं कबूल केलं. तोवर तो पिपाणीच्या आवाजात किरकिरत असे. करारावर सह्या झाल्या आणि संपादकबाईंनी त्याला नगाऱ्याकडे सोपवला. या वयात त्या माणसाला कंठ फुटला, पण एकाही प्रेक्षकाला नवल वाटलं नाही.

पिपाणीला ऑफिसात याचं वाईट वाटत नसे. वाटे ते घरी. त्याचे वडील, अण्णा, कोर्टात पुकारा करणारे शिपाई होते. त्यांनी नाव पुकारलं की रस्त्यापलीकडे बिडी ओढत उभा असलेला आरोपीसुद्धा बिडी टाकून धावत येई. माणसाची पारख ते आवाजावरून करत. टीव्हीवर नगारा लागला की त्यांची खुर्चीला टेकलेली पाठ आपोआप सरळ होई.

"याला म्हणतात आवाज! असा माणूस खोटं बोलेल का?"

आणि पिपाणी लागला की म्हणत, "हा तू का? बारीक कर रे जरा. डोकं उठतं."

अण्णांनी एकदा तरी आपल्याला पाठ सरळ करून ऐकावं, एवढीच बिचाऱ्याची हौस होती.

आणि एके दिवशी नगाऱ्याचा घसा बसला. त्याच दिवशी बड्या राष्ट्राच्या विमानांनी एका छोट्या देशातलं इस्पितळ पाडलं, आणि संध्याकाळी त्यांचे परराष्ट्रमंत्री बोलायला उभे राहणार होते. नगारा गळ्याला मफलर गुंडाळून कोपऱ्यात हातवारे करत बसला होता.

"पिपाणी, तूच बस," संपादकबाई म्हणाल्या. "पण छातीतून बोल, छातीतून!"

"बाई, छातीत तेवढी जागा असती तर मी इतकी वर्षं नाकात कशाला राहिलो असतो?"

त्याने आधी घरी फोन लावला. "अण्णा, आज नीट ऐका हं. आज बड्या साहेबाचा आवाज मी आहे."

"तू? मिठाच्या गुळण्या करून बस बाबा."

मंत्री पडद्यावर आले. पाठीमागे झेंडे, चेहऱ्यावर गांभीर्य. पिपाणीने हनुवटी छातीला लावून पहिली दोन वाक्यं कशीबशी ओढली. मग गळ्यावरचा ताबा सुटला आणि उरलेलं सगळं त्याच्या मूळच्या रडव्या आवाजात गेलं. "ते इस्पितळ आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. माहीत असलं तरी तिथून आम्हाला धोका होता. धोका नसला तरी तो झाला असता. झाल्या प्रकाराची चौकशी आम्ही स्वतः करू, आणि ती निःपक्षपाती असेल."

काचेपलीकडचा ध्वनितंत्रज्ञ तोंडात रुमाल कोंबून हसत होता. मंत्र्यांचं संपायच्या आत त्यांच्या दूतावासाचा फोन आला. आमच्या मंत्रिमहोदयांची टिंगल चालवली आहे म्हणून.

"एखादा शब्द बदललास का रे?" बाईंनी विचारलं.

"एकही नाही."

"तोच तर घोटाळा! आता मी माफी मागू कशाची?" बाईंनी कपाळाला हात लावला. "तू उद्यापासून घरी बस. आवाजाला विश्रांती दे."

"माझा आवाज थकलेला नाही, बाई."

"त्यांचे कान थकलेत."

पिपाणी पडलेल्या चेहऱ्याने घरी आला. अण्णा बंद टीव्हीसमोर बसून होते.

"हा तो नेहमीचाच साहेब?"

"हो. माझ्या आवाजाने माती झाली, अण्णा. काम गेलं."

"गप्प बस. मला इतकी वर्षं हा माणूस न्यायाधीश वाटत होता. आज बघतो तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा! अरे, चोरीचा माल सापडलेले असेच बोलायचे. आधी म्हणायचे, माल माझा नाही. मग, घर माझं नाही. आणि शेवटी, साहेब, तपास माझ्या मेहुण्याकडे द्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापलेक टीव्हीसमोर बसले. नगाऱ्याचा घसा मोकळा झाला होता. तेच मंत्री, तेच झेंडे. "चौकशी पूर्ण झाली आहे," नगारा घुमला. "कुणाचीही चूक आढळली नाही. यापुढे इस्पितळांनी अधिक काळजी घ्यावी."

सवयीने अण्णांची पाठ सरळ होऊ लागली. पिपाणीने मान खाली घातली. पण पाठ अर्ध्यावरच थांबली. अण्णांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज पार बंद केला.

"काय म्हणाला तो? तुझ्या आवाजात म्हण बघू."

पिपाणी खाकरला. त्याने ते सगळं शब्दाला शब्द, आपल्या आवाजात म्हटलं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं, खुर्चीच्या पाठीला न टेकता. इस्पितळांनी काळजी घेण्यापाशी ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तेवढ्यात पडद्यावर दुसऱ्या बड्या राष्ट्राचे पंतप्रधान कागद सारखे करत उभे राहिले. अण्णांनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच, शेजारचे खिडकीत येतील अशा आवाजात पुकारा केला,

"पुढचा!"