विश्वकर्म्यामागची जाळी

रविवारी सकाळी दहा वाजता भोपाळच्या सोनागिरी वस्तीतल्या पागे कुटुंबाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत चाळीस माणसं, आणि सगळ्यांची नजर कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरवर. कुणी नारळ आणला होता, कुणी हार. एका उत्साही बाईंनी तर कीबोर्डला हळदकुंकू वाहून टाकलं होतं.

"ये मशीन बिगड़ती नहीं है, माताजी, रूठती है!" रुसलेली यंत्रं 'शांत' करून देणारे यंत्रेश्वर महाराज गरजले. "प्रोसेसर में मंगल बैठता है, रैम में चंद्रमा. और ग्राफिक कार्ड में?"

"शनी?" गर्दीतून कुणीतरी भीत भीत विचारलं.

"साक्षात् राहू!"

चाळीस माणसांनी हात जोडले. या राहूला दुकानदारानं तीन वर्षांची गॅरंटी दिली होती, पण ते विचारतो कोण!

स्वयंपाकघराच्या दारात क्षितिजा उभी होती. कॉम्प्युटर तिचा होता. आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन ती उज्जैनहून भोपाळला आली. न बांधलेल्या इमारतींची फिल्म ती बनवायची, म्हणजे गिऱ्हाइकाला घर उभं राहण्याआधीच घरातून फिरून आल्यासारखं वाटावं. इंदूरच्या एका ऑफिसनं तिला एक काम करून दाखवायला सांगितलं होतं. आज रात्री आठपर्यंत फिल्म पोचली तर नोकरी पक्की, नाहीतर दुसऱ्या मुलीला. फिल्म तयार व्हायला मशीन सलग पाच तास चालायला हवं होतं. आणि गेले चार दिवस ते वीस मिनिटांत धप्पकन बंद पडत होतं. फाइल बिघडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कॉम्प्युटरची पेटी सासऱ्यांनी स्वतः बनवली होती. रवींद्र पागे इथल्याच कारखान्यात एकतीस वर्षं विजेच्या मोटारींच्या विभागात होते, फोरमन म्हणून निवृत्त झाले. बाजारातली पेटी त्यांना पसंत पडली नाही. "सुनेला काय पत्र्याचा डबा देऊ?" म्हणत महिनाभर खपून त्यांनी जाड पत्र्याची, निळ्या रंगाची, दार असलेली पेटी केली. पुढे दोन पंखे बसवले. आणि कारखान्यातल्या प्रत्येक मशीनवर असतो तसा विश्वकर्म्याचा फोटो, चौकटीसकट, मागच्या बाजूला चार स्क्रूंनी पक्का केला. पूजा केली, पेढे वाटले. छोटी कामं त्यावर नीट व्हायची, तासन् तास चालणारं काम हे पहिलंच.

चार दिवसांपूर्वी मशीन पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा क्षितिजानं हळूच विचारलं होतं, "आई, तो फोटो जरा काढून बघायचा का?"

"बसवलेला देव हलवतात का गं?" सासूबाई, शकुंतलाबाई, म्हणाल्या. विषय तिथंच संपला. बाबांनी एवढ्या हौसेनं केलेल्या पेटीत खोट काढायला तिची जीभही रेटली नाही.

तिसऱ्या दिवशी रडून रडून तिचे डोळे सुजले होते. नवरा, संकेत, भोपाळजवळच्या मंडीदीपला डबल ड्यूटीवर; फोनवर फक्त "बघू, होईल" म्हणायचा. मशीनला हात लावण्याआधी ती आंघोळ करू लागली होती. खोट आपल्यातच आहे की काय, असं तिला खरंच वाटू लागलं होतं. शिकली-सवरलेली मुलगी! पण 'सुनेचा हातच वाईट' असं चार दिवस घर कुजबुजत असलं की शिक्षण कुठल्या कुठे जातं.

महाराजांनी आता परीक्षा मांडली. आधी शेजारचे शैलेंद्र बसले. महाराजांनी चालू मशीनच्या पुढच्या जाळीवर, मग मागे फोटोपाशी तळहात धरला, डोळे मिटले आणि "दर्शन के लिए" पेटीचं दार सताड उघडलं. शैलेंद्रनी फिल्म सुरू केली. दहा मिनिटं, वीस, अर्धा तास. मशीन ठणठणीत! टाळ्या पडल्या.

"अब बहूरानी."

क्षितिजा बसली. महाराजांनी दार लावून घेतलं. "शक्ति बाहर न जाए." वरून लाल मखमलीचं कापड टाकलं, ते पार खालपर्यंत. अकराव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

सगळे नुसते तिच्याकडे बघत होते.

"बहू का स्पर्श यंत्र को सहन नहीं," महाराज हळहळत म्हणाले. "इक्कीस दिन मशीन आश्रम में रहेगी, शुद्धि होगी. और सवा साल बहू इसे हाथ न लगाए."

"बाबा..." क्षितिजानं सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

"क्षितिजा, तू आत जा बघू," शकुंतलाबाई म्हणाल्या.

ती आत गेली. ओट्याला धरून उभी राहिली. आपलं सगळं संपलं, एवढंच तिला कळत होतं. उज्जैनला परत जावं? तिथं तरी काय सांगणार, मशीनला माझा स्पर्श चालत नाही म्हणून?

एवढ्यात हॉलमधून सासूबाईंचा आवाज आला. "अगं बाई, काय कोंडलंय! कूलर चालू असताना खिडकी कुणी बंद केली?"

"महाराजांचा दिवा विझत होता, काकू," कुणीतरी म्हणालं.

"मग काय माणसं उकडून मारायची? कूलर नुसती हवा आत ढकलतोय, ती बाहेर जायला नको?" त्यांनी खिडकी उघडली.

क्षितिजाचे हुंदके थांबले. हेच ना, पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं ते! ती बाहेर आली, गर्दीतून वाट काढत सरळ महाराजांच्या ताटापाशी गेली आणि तिनं पेटत्या उदबत्त्यांचा जुडगा उचलला.

"मशीन को छूना मत!" महाराज ओरडले.

"नहीं छू रही, महाराज. अगरबत्ती छू सकती हूँ ना?" तिनं मशीन आणि फिल्म चालू करायला शैलेंद्रना सांगितलं. "दादा, आता तुम्हीच बसा. पण दार बंद, कापड वर. माझ्यासारखंच."

शैलेंद्र हसत बसले. बाराव्या मिनिटाला पडदा काळा!

"अय्या, शैलेंद्रदादांचाही स्पर्श सहन होत नाही वाटतं," मागून एक मुलगी म्हणाली, आणि पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

क्षितिजानं कापड ओढून काढलं. मशीन पुन्हा चालू केलं, उदबत्त्या पुढच्या जाळीशी धरल्या. धूर झपकन आत ओढला गेला. मग मागे, फोटोशी धरल्या. धूर शांतपणे सरळ वर गेला.

"बाबा, तुम्ही बघा. दोन पंखे हवा आत घेताहेत. ती बाहेर कुठून जातेय?"

रवींद्रराव उठले. पेटीशी उकिडवे बसले. आत गेलेला धूर दाराच्या फटीतून कसाबसा बाहेर येत होता आणि तोच परत पुढून आत ओढला जात होता. एकतीस वर्षं ज्या माणसानं हवेचं माप घेतल्याशिवाय एक मोटार शेडबाहेर जाऊ दिली नव्हती, त्यानं फोटोच्या चौकटीमागे बोट घालून पाहिलं.

"जातच नाहीये," ते म्हणाले. "मागे जाळी ठेवली होती मी. तिच्यावरच फोटो बसवला." आणि त्यांनी पेचकस मागितला.

"अहो, देवाला..." शकुंतलाबाई पुढे झाल्या.

"देवाला भिंतीवर लावतो. वाट अडवून मी बसवलंय त्याला, त्याची काय चूक?"

चार स्क्रू निघाले. फोटो हलला तशी गरम हवा भस्सकन त्यांच्या हातावर आली. मशीन बंद करून त्यांनी एक पंखा काढून जाळीपाशी उलटा बसवला, हवा बाहेर फेकणारा. ग्राफिक कार्डासमोर कोंबलेल्या वायरी बाजूला बांधल्या, दार लावलं. "बस, पोरी."

क्षितिजा बसली. अकरा मिनिटं गेली. वीस गेली. तास गेला.

"महाराज," ती मागे न वळता म्हणाली, "माझ्यात दोष शोधण्याआधी तुम्ही जाळीवर हात धरून हवा चाचपलीत. तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं."

पण महाराजांचा पाट रिकामा होता. मशीन न्यायला आश्रमातून आलेला टेम्पो फाटकातून रिकामाच निघून गेला.

लोक पांगू लागले तेव्हा रवींद्ररावांनी त्यांना थांबवलं. "सगळ्यांसमोर तिला बोल लावला, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. चूक माझी होती. मोटार तापली की कारखान्यात आम्ही विचारायचो, हवा कुठं अडली? कुणाच्या सुनेनं हात लावला, असं एकानंही कधी विचारलं नाही. घरी आलो आणि अक्कल गेटवर ठेवून आलो."

संध्याकाळी सव्वापाचला फिल्म पूर्ण झाली. क्षितिजानं ती पाठवली आणि मग मात्र टेबलावर डोकं टेकून ती मनसोक्त रडली. शकुंतलाबाई चहा घेऊन आल्या, पाठीवर हात ठेवू लागल्या.

"आई," ती म्हणाली, "चार दिवसांत सगळ्यांना विचारलंत. ज्योतिष्याला, शेजाऱ्यांना, त्या महाराजांना. मशीन माझं, काम माझं. मला एकदाही का नाही विचारलं?"

शकुंतलाबाई कप टेबलावर ठेवून तिच्याशेजारी बसल्या. आपण तरी कुठे विचारतो? घरात काही बंद पडलं, बिघडलं, तर आधी ते उघडून बघा. हवा कुठून येते, कुठून जाते, तपासा. जिला त्यातलं कळतं तिला विचारा. एवढं केलंत तर चाळीस माणसं जमवून एका पोरीला दोषी ठरवण्याची वेळ कुणावर येणार नाही.