टिल्लीची फळी

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि चाकांवरचं एक घर मनात आणा. अगदी चिमुकलं. आत एक पलंग, एक खिडकी आणि खिडकीखाली स्वयंपाकाचा ओटा. गाडीच्या मागे जोडायचं आणि वाटेल तिकडे निघायचं.

असं घर एका मुलीच्या मोठ्या भावाने अंगणात स्वतःच्या हातांनी बांधायला घेतलं होतं. मुलगी बुटकी, म्हणून दादा तिला टिल्ली म्हणायचा. खिळे दे, फळी धर, भुसा झाड; शाळेतून आली की दप्तर टाकून ती तिथेच. कारण पहिल्या प्रवासाला तिलाही न्यायचं दादाने कबूल केलं होतं. तिला झोपायला प्लायची एक फळी कापूनही ठेवली होती. फळीच्या कडेला टिल्लीने पेन्सिलीने आपलं नाव लिहिलं होतं.

ओट्यावर लावायचा सनमायका निवडायला दादाने तिलाच दुकानात नेलं. चकचकीत असला की चरे दिसतात, काळा असला की पिठाचा कणही लपत नाही, हे दुकानदाराने समजावलं. तिने नमुने बोटाने घासून घासून पाहिले आणि बारीक ठिपक्यांचा, बिनचमकीचा, शेवाळी रंगाचा पसंत केला. पोरीला कळतं, असं दुकानदार म्हणाला. दादा नुसता हसला.

आता नीट ऐका, कारण हे काम चुकलं की चुकलंच. सनमायकाच्या पाठीला आणि खालच्या फळीला, दोन्हींना गोंद लावायचा. बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यायचा. मग दोन्ही एकमेकांना टेकले की केसभरही सरकत नाहीत. म्हणून फळीवर आधी लाकडाच्या बारीक पट्ट्या आडव्या ठेवायच्या, त्यांच्यावर सनमायका ठेवून कडा जुळवायच्या. मग मधली पट्टी आधी काढायची आणि मधून कडांकडे दाबत जायचं. दादाने टिल्लीला हे सगळं शिकवलं होतं.

खिडकीखालच्या अरुंद जागेत दादाचा हात जाईना, म्हणून फळीला गोंद लावायला टिल्ली. ब्रश फिरवता फिरवता ती थांबली. पातळ गोंदाखाली तिचंच नाव होतं.

"दादा, ही माझी झोपायची फळी आहे."

"होती. तुझ्या वहिनीला लांब ओटा हवाय."

"मग मी कुठे झोपू?"

"घरी. आम्ही दोघं जाणार. तुला कोण नेतंय?"

आधी का नाही सांगितलंस, असं तिने विचारलं.

"सांगितलं असतं तर त्या सांदीत हात कोणी घातला असता? चल, तोंड काय बघतेस, कोपरा राहिलाय."

दारात उभी असलेली वहिनी फिसकन हसली. रंग मात्र छान निवडलास हो, म्हणाली, चहा करताना तुझी आठवण काढू.

टिल्लीने कोपरा पुरा केला. गोंद वाळला. दादाने पट्ट्या मांडल्या, त्यांच्यावर सनमायका ठेवला, कडा जुळवल्या. मी हात धुऊन येतो, तोवर धरून बस, पट्ट्यांना हात लावलास तर बघ, असं बजावून तो वहिनीबरोबर घरात गेला.

टिल्लीने सनमायका चार बोटं आपल्याकडे सरकवला. खिडकीखाली तिचं नाव उघडं पडलं. मग तिने मधली पट्टी आधी काढली आणि शिकवलं होतं तसं, मधून कडांकडे, दोन्ही तळव्यांनी नीट दाबत गेली.