रेल्वेकडचा ठिपका

वॅटी गॉर्लीने मैदानाचं फाटक ढकललं आणि थर्मास हातात धरून तो तसाच उभा राहिला. रेल्वेकडच्या गोलसमोर गवत नव्हतं. पेनल्टीच्या चौकोनापासून गोलरेषेपर्यंत सगळं खरवडून काढलं होतं, आणि उघड्या काळ्या मातीवर एक दाढीवाला माणूस पाइपने पाणी मारत होता.

"काय चाललंय?"

"चिखल करतोय," दाढीवाला म्हणाला. "त्या मॅचला इथे चिखल होता ना. दिग्दर्शकाला तसाच हवाय."

"गवत कुठाय?"

"ट्रकमधून गेलं सोमवारीच. काळजी करू नका, शूटिंग संपलं की नवंकोरं घालून देणार आहोत."

वॅटीने थर्मासचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. मग तो चिखलात शिरला. बूट घोट्यापर्यंत रुतले. पेनल्टीच्या ठिपक्याची जागा त्याला डोळे मिटूनही सापडली असती. तिथे आता लाल फीत बांधलेली एक खुंटी होती.

"आजोबा, तिकडे नको. आत्ताच सपाट केलंय."

"मी तुझा आजोबा नाही."

सिनेमा पिटलार्न थिसल या गावच्या फुटबॉल क्लबवर होता. चाळीसेक वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात, खाणीतल्या माणसांच्या या संघाने ग्लासगोच्या बड्या संघाला कपाच्या सामन्यात शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरीत रोखलं होतं. मग थिसलला पेनल्टी मिळाली. शग बेव्हरिजने चेंडू ठिपक्यावर ठेवला आणि गोलच्या वरून, भिंतीच्या वरून, थेट रेल्वेच्या रुळांवर मारला. पुढच्या बुधवारी ग्लासगोत फेरसामना झाला, त्यात थिसलचा पार चुराडा झाला. वॅटीची बायको एफी त्या दिवशी गोलमागे उभी होती. "आंधळ्या गाढवा," ती ओरडली, ते पलीकडच्या बाजूलाही ऐकू गेलं. त्यानंतर ती शगशी कधी बोलली नाही.

गेल्या शरदात एफी गेली. जाण्याआधी वॅटीला म्हणाली होती, "मला त्या ठिपक्यावर ठेव. पुढच्या वेळी कोणी तिथून मारायला आलं, की मी बघून घेते त्याला."

क्लबात अस्थींना बंदी होती. राखेने गवत जळतं, म्हणून समितीने फाटकावर तशी पाटीच लावली होती. वॅटी एका पहाटे फाटक चढून आत गेला, ठिपका बोटांनी उकरला, एफीला आत ठेवलं आणि वरून माती दाबली. कोणाला सांगितलं नाही. मुलीलासुद्धा नाही. तेव्हापासून दर शनिवारी, मॅच असो नसो, तो चहा घेऊन इथे येत होता.

क्लबची सेक्रेटरी मॉरीन ऑफिसात सँडविच खात होती. त्याच्या बुटांमुळे फरशीवर चिखल झालेला तिने पाहिला.

"कोणाला विचारून काढलं?" वॅटी म्हणाला.

"समितीला. नवं मैदान फुकट मिळतंय, वॅटी. आणि तुला कधीपासून गवताचं एवढं पडलं?"

"ट्रक कुठे गेला?"

"जाणार कुठे? कचऱ्यात. गवत होतं ते, सोनं नव्हतं."

वॅटीने दोन्ही मुठी टेबलावर टेकल्या. कपातला चहा हिंदकळला. एका वाक्यात मॉरीनचं तोंड बंद करता आलं असतं. पण ते वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, आणि उद्या सिनेमावाल्यांनी तेही सिनेमात घातलं असतं.

मॉरीनने सँडविच खाली ठेवलं. "सगळं नाही गेलं," ती जरा नरमून म्हणाली. "ठिपक्याचा तुकडा त्यांनी कापून पेटीत ठेवला. भेट दिला. फोटोबिटो काढले."

"कोणाला दिला?"

"शगला. तुझ्या एफीच्या लाडक्याला."

वॅटी घरी गेला, शेडमधून फावडं काढलं, एकचाकी ढकलगाडीत टाकलं आणि भर रस्त्यातून निघाला. मासे-चिप्सच्या दुकानापुढच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "कोणाचा खड्डा खणायला निघालास, वॅटी?"

"रांगेतच थांब. तुझाही नंबर येईल."

शगने दार उघडायला वेळ लावला. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो काठी घेऊन चालायचा. त्याने आधी वॅटीकडे पाहिलं, मग फावड्याकडे.

"ये. चहा टाकतो."

"चहा नको. ते गवत दे."

शग काठी टेकत मागच्या बागेत गेला, वॅटी गाडी ढकलत त्याच्या मागे. कोबीच्या वाफ्यापलीकडे पायपुसण्याएवढा चौकोन जमिनीत नीट बसवला होता. मांजरं येऊ नयेत म्हणून चारी बाजूंना खुंट्या ठोकून सुतळी बांधली होती.

"मला नको होतं हे," शग म्हणाला. "पेटी घेऊन दारात हसत उभे राहिले. म्हणाले, तुमच्या गोलची आठवण."

"कुठल्या गोलची?"

"सिनेमात मी गोल मारतो, वॅटी. आपण जिंकतो."

वॅटीने गाडी खाली ठेवली.

"मी म्हटलं, अरे बाबा, मी चुकवला, सगळ्या गावाला ठाऊक आहे. तर तो दिग्दर्शक म्हणतो, घरी जाताना लोकांना बरं वाटलं पाहिजे." शग वाफ्यात थुंकला. "इतकी वर्षं ते घेऊन फिरलो मी. दुकानात, चर्चमध्ये, माझ्या बायकोच्या, जीनच्या मयताला. माझं होतं ते. साधं विचारलंसुद्धा नाही भडव्यांनी."

"एफीने एकेकाला फोडून काढलं असतं."

"मला आधी. त्यांच्याकडून ही पेटी घेतली म्हणून." शगने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "गावातले सगळे म्हणायचे, असू दे शग, होतं असं. आणि मी वळलो की हसायचे. तुझी बायको एकटीच अशी, की जिने पाठ फिरवली तीही माझ्या तोंडावर."

"जीन गेली तेव्हा सूप पाठवलं होतं तिने."

"तुझ्या हातून. एक शब्द न बोलता."

"निरोप होता. मी सांगितला नाही."

"काय होता?"

"मीठ घालताना तरी नेम धर म्हणावं."

शगचे खांदे हलायला लागले. तो बराच वेळ आवाज न करता हसत राहिला, मग त्याने बाहीने डोळे पुसले.

वॅटीने सुतळी सोडली. चौकोनाच्या मधोमध तळहाताएवढी जागा करडी पडली होती. बाकी गवत हिरवं होतं.

"तिथे काही धरतच नाही," शग म्हणाला. "काय ओतलंय त्या लोकांनी देव जाणे. उद्या तेवढं खरवडून नवं बी टाकणार होतो."

"हात लावायचा नाही तिथे."

तो इतक्या जोरात बोलला की शेडवरचा समुद्रपक्षी उडाला. शग त्याच्याकडे बघत राहिला.

"नाही लावत. तू नेतोच आहेस ना?"

वॅटीने फावडं चौकोनाच्या कडेला टेकवलं आणि त्यावर पाय दिला. पातं थोडं आत गेलं.

"एक सांगू? हसू नको," शग म्हणाला. "पेटी आल्यापासून रोज सकाळी इथे येऊन उभा राहतो. चेंडूबिंडू काही नाही. नुसता उभा राहतो, जरा मागे, धाव घ्यायला उभं राहतात तसा. असं वाटतं, मागून कोणीतरी ओरडणार आता."

वॅटीचा पाय फावड्यावरच होता. कोबीच्या पानांवरून वारा गेला. मग त्याने पाय काढला, पातं उपसलं आणि मोकळी झालेली कड टाचेने दाबून बसवली. सुतळी पुन्हा बांधली. गाठ नीट बसेना, म्हणून त्याने ती दोनदा सोडली.

"कडेला पाणी घाल," तो म्हणाला. "मधे नाही. मी शनिवारी येतो."

"कशाला?"

"गवत बघायला."

गाडी रिकामीच परत गेली. सिनेमा लागला, गाव टाळ्या वाजवून आलं. दोघं तेवढे गेले नाहीत. मैदानावर रेल्वेकडे नवं गवत चांगलं धरलंय म्हणतात. वॅटी अजून तिकडे फिरकलेला नाही. शनिवारी तो थर्मास घेऊन शगच्या बागेत जातो. तिथे दोघं चहा पितात आणि सिनेमावाल्यांना शिव्या घालतात.

तिथे कोण आहे, ते शगला सांगायचं अजून राहिलं आहे.