मागच्या सीटवरचा अल्गोट

मी बोलतेय. जुनी गाडी आहे, हे माझ्या आवाजावरून तुमच्या लक्षात आलंच असेल. माझं इंजिन पुढं आणि जोर सगळा मागच्या चाकांत. म्हणजे ओझं एकीकडं आणि ढकलायचं काम दुसरीकडं. उन्हाळ्यात याचं कुणाला काही वाटत नाही. पण आमच्या उत्तरेकडं उन्हाळा येतो आणि कॉफी उकळायच्या आत निघून जातो. उरलेलं सगळं वर्ष बर्फ. खाली निसरडं, मागची चाकं हलकी. अ‍ॅक्सिलरेटरवर जरा जोरात पाय पडला की माझं मागचं अंग नाचायला लागतं. मी मुद्दाम करत नाही हो. मला बनवलंच तसं.

बनवलं कुठं, तर दूर दक्षिणेला, समुद्राकाठच्या एका कारखान्यात. तिथं हिवाळ्यात पाऊस पडतो. बर्फाच्या रस्त्यावर चालायची गाडी पावसात बसून आखली, यात त्या लोकांना काही वावगं वाटलं नाही. मला तपकिरी रंग दिला, चार दारं दिली, आणि रेल्वेवर चढवून इकडं पाठवून दिलं.

मला अल्गोटनं घेतलं. अल्गोट जंगलात लाकूडतोडीचं यंत्र चालवायचा. सगळ्या गावात त्याच्याइतका वजनदार माणूस नव्हता. वजनानंही आणि बोलण्यानंही. तो पुढं बसला की माझं नाक खाली जायचं आणि शेपूट वर यायचं. मला घरी आणलं त्या दिवशी शेजारचा सिक्स्टेन बघायला आला. सिक्स्टेन काठीसारखा उंच, सडपातळ. त्याच्याकडं नवी, पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी होती.

"मागच्या चाकांची घेतलीस?" तो म्हणाला. "आणि जानेवारीत कोर्पबाकेन कसा चढणार रे?"

कोर्पबाकेन म्हणजे गावाबाहेरचा चढ. मोठ्या रस्त्याला लागायचं तर तो चढून जावंच लागतं. दुसरी वाट नाही.

"पुढच्या चाकांची गाडी कुणीही चालवतं," अल्गोट म्हणाला. "हिला ड्रायव्हर लागतो."

"मग डिकीत वाळूची पोती तरी टाक. माझ्याकडं भरून ठेवलेली आहेत."

"पोती?" अल्गोट दुखावला. "पोती म्हातारे टाकतात."

तो पहिल्याच जानेवारीत चढाच्या अर्ध्यावर अडकला. दुसऱ्या जानेवारीतही. दर हिवाळ्यात ते ठरलेलंच झालं होतं. वळणावर एक वाकडं बर्चचं झाड आहे. तिथं पोचलं की अल्गोट पाय दाबायचा, माझी चाकं जागच्या जागी फिरायची, आणि मी हळूहळू उलटी खाली यायचे. खाली आल्यावर तो उतरायचा आणि चाकांकडं नाही, बर्फाकडं रागानं बघायचा. कधी बर्फ फार मऊ असायचा, कधी फार कडक. कधी रस्ता साफ करणाऱ्या माणसाला अक्कल नसायची. एकदा तर त्यानं चंद्राला दोष दिला होता.

आता हिलेवीबद्दल सांगते. हिलेवी त्याची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. लायसन्स तिच्याकडंही होतं, पण मला ती फक्त उन्हाळ्यात, दुकानापर्यंत न्यायची. हिवाळ्यात नाही. अल्गोटनं तिला कधी नको म्हटलं नाही. तसला माणूस नव्हता तो. तो फक्त शेजारी बसून उसासा टाकायचा. गिअर बदलला, उसासा. वळण घेतलं, उसासा. ब्रेक लावला की मोठा. शिव्या दिल्या असत्या तर ती भांडली असती. उसाशाशी भांडणार कसं? एके दिवशी तिनं किल्ली त्याच्या हातात दिली आणि ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली. तिथं ती वर्षानुवर्षं बसली.

पण ती बघत असायची. इतक्या वर्षांत इतकं बारकाईनं माझ्याकडं दुसऱ्या कुणी बघितलं नाही. चाक घसरायला लागलं की अल्गोटच्या आधी तिचा पाय सीटखाली हलायचा. दाबण्यासाठी नाही, उचलण्यासाठी.

मग तो हिवाळा आला. नाताळानंतर सतत बर्फ पडत होता. गुरांच्या जुन्या गोठ्याचं छप्पर वजनानं वाकलं म्हणून अल्गोट फावडं घेऊन वर चढला. हिलेवी खालून म्हणाली, "सिक्स्टेन येऊ दे, मग चढ."

"बर्फ ओढायला दोन माणसं कशाला?" तो वरून म्हणाला.

बर्फ आला खाली, आणि बर्फाबरोबर अल्गोटही. डाव्या मांडीचं हाड मोडलं. तो आवाज मी अंगणातून ऐकला. सुकं लाकूड मोडावं तसा.

हिलेवीनं अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत येईल, पण बर्फ काढणारं वाहन येईपर्यंत चढ उतरणार नाही, आणि ते वाहन दुसऱ्याच गावात आहे. मांडीचं हाड असेल तर आतल्या आत रक्त जातं, जमलं तर तुम्हीच वर या.

सिक्स्टेन धावत आला. त्याची गाडी त्याच आठवड्यात खड्ड्यात गेली होती आणि शहरातल्या गॅरेजमध्ये पडून होती. त्याविषयी त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही, हा माणसांचा चांगुलपणा.

दोघांनी अल्गोटला ताडपत्रीवरून ओढत आणलं. पाय ताठ ठेवायचा म्हणून त्याला माझ्या मागच्या सीटवर आडवा केला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच तो मागं बसला. माझी मागची चाकं दबली. हिवाळ्यासाठी टायरला ठोकलेले खिळे बर्फात रुतले. मला अंगात काहीतरी वेगळंच वाटलं, पण तेव्हा ते कळलं नाही.

पाय धरायला सिक्स्टेन त्याच्याजवळ कोंबून बसला. "हिलेवी, मी चालवू का?" त्यानं विचारलं.

"तू पाय धर," ती म्हणाली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सीट इतकी मागं होती की तिला आधी ती पुढं ओढावी लागली.

"दुसऱ्या गिअरमध्ये काढ," मागून अल्गोट सुरू झाला. "पहिला टाकू नकोस. क्लच हळू. अगं हळू!"

"हळूच सोडतेय."

"चढाखालच्या टपालपेट्यांपासून वेग घे. आणि मधे थांबू नकोस. थांबलीस की संपलं."

"तू थांबायचास तसं?" हिलेवी म्हणाली.

सिक्स्टेनला त्या प्रसंगीही हसू आलं. त्यानं ते खोकल्यात दडवलं.

आम्ही निघालो. दुपारचंच अंधारून आलं होतं. बर्फ हेडलाइटसमोर आडवा उडत होता. टपालपेट्यांपासून तिनं वेग घेतला आणि पाय एका जागी धरला. ना कमी, ना जास्त. मी चढाला लागले. अल्गोट बोलतच होता. "डावीकडं राहा. कडेचा बर्फ मऊ आहे. आता जरा, नको, तेवढंच. बर्चपाशी सांभाळ." प्रत्येक धक्क्याला शब्द मोडत होते, पण थांबत नव्हते.

बर्चच्या वळणावर माझं मागचं अंग सुटलं. दरीच्या बाजूला जायला लागलं. अशा वेळी माणूस ब्रेक दाबतो. पाय आपोआपच जातो. हिलेवीनं पाय किंचित उचलला आणि मी जिकडं घसरत होते तिकडंच स्टिअरिंग वळवलं. म्हणजे जिकडं जायची भीती, तिकडंच तोंड. मी क्षणभर तशीच सरकले. मग अल्गोटचं सगळं वजन माझ्या मागच्या चाकांवर बसलं, खिळ्यांनी बर्फ पकडला, आणि मी सरळ झाले.

ज्या वळणावर मी इतके हिवाळे हरले होते, ते वळण मागं पडलं.

आणि मागची सीट गप्प झाली.

"अल्गोट?" हिलेवी आरशात बघत म्हणाली. अंधारात काही दिसत नव्हतं. "सिक्स्टेन, तो बोलत का नाहीये?"

"पांढरा पडलाय ग. डोळे मिटलेत. चालव तू."

"अल्गोट! अरे काहीतरी बोल. मी चुकले असेन काहीतरी, सांग ना." ती पुढं बघत मोठ्यानं बोलत होती. "बोलायचं नसेल तर उसासा टाक. एकच टाक रे. टाक ना!"

काही वेळ फक्त माझं इंजिन ऐकू येत होतं. तेव्हा मी जितका जोर लावला, तितका पुन्हा कधी लावला नाही.

मग मागून आवाज आला. लांब, जड, तक्रारीनं भरलेला. माझ्या आयुष्यात ऐकलेला सगळ्यात सुंदर उसासा.

"तिसरा टाक आता," अल्गोट पुटपुटला. "इंजिन ओरडतंय."

वर निळा दिवा फिरत होता. माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली. अल्गोटला नेल्यावर हिलेवी उतरली, माझ्या बॉनेटवर हात टेकून उभी राहिली आणि तिथंच बर्फात तिला उलटी झाली. मग ती तोंड पुसून अँब्युलन्समध्ये चढली. सिक्स्टेननं मला परत खाली नेताना दोनदा कडेला घातलं.

अल्गोट वाचला. मांडीत सळई बसली. पाय पुढं कधीच नीट वाकला नाही. क्लच दाबणं संपलं. पाय लांब ठेवावा लागायचा म्हणून तो कायमचा मागच्या सीटवर गेला आणि हिलेवी पुढं आली. त्यानंतर एकाही हिवाळ्यात मी कोर्पबाकेनवर अडकले नाही. गावात याचं सगळ्यांना नवल वाटायचं. अल्गोटला वाटायचं नाही.

"त्या दिवशी मीच चढवली गाडी," दुकानात कॉफी पिताना तो सांगायचा. "मागून. एकेक सूचना देऊन. विचारा हिला."

हिलेवी श्वास आत ओढायची. आमच्याकडं 'हो' असंच म्हणतात. तोंड उघडायचे कष्टही घेत नाहीत. श्वास आत गेला की समोरच्यानं समजायचं.

खरं तर अल्गोट खोटं बोलत नव्हता. त्यानंच मला चढवलं होतं. फक्त, सूचनांनी नाही, वजनानं.

हे त्याला कधी कळलं का, मला माहीत नाही. एकदा चढ संपल्यावर तो म्हणाला, "तुझा पाय हलका आहे." हिलेवीनं इतकं चमकून आरशात बघितलं की मी जरा वळले. "उतरताना मात्र ब्रेक फार मारतेस," त्यानं लगेच भर घातली. तेवढ्यानं तिचं समाधान झालं असावं. ती घरापर्यंत गुणगुणत होती.

एका शरद ऋतूत अल्गोट गेला. न्यूमोनियानं, हॉस्पिटलात, शांतपणे. पहिला बर्फ पडल्यावर हिलेवी एकटीच चढाला लागली आणि बर्चपाशी माझी चाकं फिरायला लागली. ती सगळं तसंच करत होती. पाय तसाच, हात तसाच. मी तरी काय करणार? मागं कुणी नव्हतं. आम्ही उलट्या खाली आलो. तिनं आरशात मागच्या रिकाम्या सीटकडं बघितलं. मग सिक्स्टेनच्या दारात जाऊन तिनं हॉर्न वाजवला.

"वाळूची पोती आहेत का रे अजून?"

सिक्स्टेन एकेक आणून डिकीत टाकायला लागला. टाकता टाकता त्यानं विचारलं, "अल्गोटच्या वजनाची करू का बरोबर?"

हिलेवीनं विचार केला. "नको," ती म्हणाली. "अर्धा अल्गोट पुरे. पूर्ण आता झेपायचा नाही." आणि ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले, कितीदा पुसले, ते मी मोजलं नाही.

अर्ध्या अल्गोटवर आम्ही पुष्कळ हिवाळे काढले. मग तिची नजर अधू झाली आणि डॉक्टरनं रस्त्यावर गाडी चालवायला मनाई केली. मला इल्वा नावाच्या मुलीनं नेलं. ती हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर गाडी घसरवायला शिकवते. हो, घसरवायला. दक्षिणेतून, परदेशातून लोक विमानानं येतात, रांगेत उभे राहतात, आणि मी घसरले की टाळ्या वाजवतात. मागच्या चाकांची गाडीच हवी, असा त्यांचा हट्ट असतो. इल्वानं पहिल्याच दिवशी डिकी रिकामी केली. जो माझा दोष म्हणून जन्मभर ऐकला, त्याला इथं कला म्हणतात. खालचा पत्रा गंजून माझ्यातून बर्फ दिसतो, पण त्याची कुणाला फिकीर नाही.

परवा हिलेवी आली. सिक्स्टेन तिला घेऊन आला होता. तो आता काठीसारखा नाही, काठी घेऊन आहे.

"रस्त्यावर मला मनाई आहे," ती इल्वाला म्हणाली. "इथं धडकायला काही आहे का?"

"पलीकडचा किनारा," इल्वा म्हणाली. "पण तो फार लांब आहे. मी आधी करून दाखवू? पाय पूर्ण दाबायचा आणि मागची बाजू सुटली की सोडून द्यायची. धरून ठेवायची नाही. जमेल तुम्हाला?"

हिलेवीनं श्वास आत ओढला.

तिनं सीट पुढं घेतली आणि पाय दाबला. एरवीचा तो हलका पाय, पण आज मी ओळखलाच नाही. माझं मागचं अंग सुटलं, मी गरकन फिरले, पुन्हा फिरले, बर्फाचा फवारा उडाला, किनारा, सिक्स्टेन, किनारा, सिक्स्टेन, असं सगळं डोळ्यांसमोरून गेलं. सिक्स्टेन काठी उंचावून ओरडत होता, पण काय ते ऐकू आलं नाही. थांबले तेव्हा माझं तोंड आलो त्या दिशेला होतं.

"घाबरलात का?" शेजारी बसलेल्या इल्वानं विचारलं.

हिलेवीचा स्कार्फ सुटला होता, चष्मा नाकाच्या टोकाशी आला होता. "नाही ग," ती दम खात म्हणाली. "इतकी वर्षं हिला उगीचच सरळ चालवलं."

मार्च सरत आलाय. दुपारी बर्फाखालून पाण्याचा आवाज येतो. लवकरच मला ओढून किनाऱ्यावर नेतील, आणि पुढच्या हिवाळ्यात परत आणतील की भंगारात देतील, ते या पत्र्यावर अवलंबून आहे. तोवर कुणाला यायचं असेल तर या. गाडी नीट चालवता येत नसली तरी काही अडत नाही. इथं उलट त्याचीच शिकवणी आहे.