रश्श्यातलं काहीतरी

सत्तेचं खरं आसन म्हणजे सिंहासन नव्हे, गॅसवरचं पातेलं. कोणालाही न विचारता ज्याला झाकण उचलून आत चमचा घालता येतो, तोच त्या घराचा सार्वभौम राजा. बाकी सगळी प्रजा. हा सिद्धांत मला सुचला तेव्हा मी तेच पातेलं घासत होतो, आणि "बुडाला काळं राहिलंय," असं मागून सांगण्यात आलं.

सांगणारी आमची ही. एरवी पातेलं तिच्या ताब्यात असतं. पण जिना उतरताना पाय घसरला आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. डॉक्टर म्हणाले, हाताला विश्रांती द्या. तोंडाबद्दल काही बोलले नाहीत.

त्यात रविवारी माझी धाकटी बहीण नवऱ्याला घेऊन जेवायला येणार होती. ती येते ती हिच्या हातचा कोंबडीचा रस्सा खायला. प्रेमापोटी नव्हे, तो तिला स्वतःला अजून जमत नाही म्हणून.

जमणार कसा? हिची कृती सांगायची एक पद्धत आहे. कोणी विचारलं की ही हातातलं काम टाकून अगदी मनापासून सांगते. कांदा किती परतायचा, बटाटे केवढे चिरायचे, आच कधी मंद करायची. फक्त एक जिन्नस गाळते. मूठभर आंबटगोड सुके आलुबुखार, गरम पाण्यात भिजवून, कुस्करून. हे जगात दोघांनाच ठाऊक. तिला, आणि वाण्याकडून ते आणणारा हमाल म्हणून मला.

मग विचारणारी घरी जाऊन रस्सा करते, त्यात काहीतरी कमी पडतं, आणि ती आपल्या अकलेने ते भरून काढते. माझी बहीण व्हिनेगर घालते. हिची मावसबहीण टोमॅटो सॉस. ही त्यांच्याकडे जेवायला जाते, एक घास घेते, डोळे मिटते आणि म्हणते, "छान झालाय हो. फक्त... काहीतरी." या एका शब्दावर हिने साऱ्या गोतावळ्यावर राज्य केलं.

बुधवारी सुनेने रंगीत तालीम केली. कृती सासूची, म्हणजे गाळीव. ही डाव्या हातात चमचा धरून, ओठांवर 'काहीतरी' तयार ठेवून बसली होती. पण पहिला घास मी घेतला आणि तोंडातून निसटलं, "वा!"

हिच्या रश्श्याला माझी सर्वोच्च पावती म्हणजे "हं." हिने चमचा खाली ठेवला.

"काय घातलंयस यात?" हिने सुनेला विचारलं.

"तुम्ही सांगितलंत ते सगळं, आई."

"ते मला माहितीये. आणखी काय?"

"संत्र्याची साल. बारीक चिरून तेलात परतली. सगळं घालूनही काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं, म्हणून म्हटलं, आपलं काहीतरी घालावं."

"साल? फळ खायचं आणि साल टाकायची, हे माकडालाही कळतं!"

"माकड स्वयंपाक करत नाही ना, आई."

आमची सून बँकेत काउंटरवर बसते. दिवसभर काचेपलीकडून लोकांचा संताप ऐकते. त्यामुळे तिचा आवाज कधी चढत नाही, आणि म्हणूनच समोरच्याचा चढतो.

हिचा तर नुसता चढला नाही, तो अडकला. रस्सा चुकलाय म्हणावं, तर काय चुकलं ते सांगावं लागणार. गप्प बसावं, तर साल जिंकणार. असा कोंडलेला राग मग घरभर फिरला. भांडी आपटायला एकच हात होता, पण तिने त्याला दोन हातांचं काम करायला लावलं.

"सांगून टाक तिला," रात्री खोलीत मी म्हणालो.

"का? तुम्हाला 'वा' म्हणायला आणखी सोपं जावं म्हणून?"

"अगं, एक सुकं फळ ते..."

"फळ नाही! रविवारी वन्संनी तिच्या रश्श्याला 'वा' म्हटलं, की माझा हात बरा झाला काय नि न झाला काय, सारखंच. मग मला सोफ्यावर बसवतील. 'आई, तुम्ही बसा.' बसा म्हणजे काय, कळतं तुम्हाला? तुम्ही तर जन्मभर बसलेलेच!"

मी बसलो होतो, तो उभा राहिलो. त्याचा उपयोग झाला नाही.

रविवारी रस्सा शिजत होता. सून अंघोळीला गेली, मुलगा बाजारात. एवढ्यात ही आलुबुखाराची वाटी घेऊन आली.

"दारात उभे राहा. कोणी आलं तर खोका."

बहीण ठरल्या वेळेआधी आली. मदतीला येते म्हणते, पण खरं म्हणजे टेहळणीला येते. मी खोकलो.

"दादा, औषध घे," म्हणत ती सरळ आत गेली.

आत ही झाकण प्लास्टरखाली दाबून, डाव्या हाताने वाटी पातेल्यात ओतत होती.

"वहिनी, हे काय?"

"काही नाही. औषध आहे."

"कोंबडीला?"

बहिणीने वाटीच्या तळाला बोट लावलं आणि चाटलं. तिचा चेहरा मी पाहत होतो. त्यावर सगळ्या हुकलेल्या रश्श्यांचे उसासे एकदम उमटले.

"आलुबुखार! इतकी वर्षं मी व्हिनेगर ओततेय, वहिनी! यांचं पित्त खवळायचं त्याने! डॉक्टर बदलले आम्ही!"

"ओतायला मी सांगितलं होतं का?"

"सांगितलं नाहीत म्हणूनच ओतलं! आणि वर माझ्याच घरी बसून 'काहीतरी' म्हणायचात! दादा, तुला माहीत होतं?"

मी पुन्हा खोकलो.

आवाज ऐकून सून ओल्या केसांनी धावत आली. तिने पातेल्यात पाहिलं, वाटीत पाहिलं.

"माझ्या रश्श्यात कोणी काय घातलं?"

"तुझ्या?" हिने विचारलं.

"हो, माझ्या! कांदा मी चिरला, साल मी परतली, सकाळपासून गॅससमोर मी उभी आहे. तुम्ही मुद्दाम अर्धं सांगितलंत, ते मी पुरं केलं!" काउंटरवरचा आवाज आमच्या घरात पहिल्यांदाच चढत होता. "रोज तुमची वेणी मी घालते, आई. बटणं मी लावते. तेव्हा मी चालते. आणि माझ्यापासून लपवायचं काय, तर वाण्याच्या दुकानातलं फळ?"

"मग काय लपवू?" ही कडाडली. "दुसरं काय आहे माझ्याकडे? घर तुमचं, पगार तुमचे, कुठे जायचं ते ठरवणार तुम्ही! तेवढं एकच होतं माझं!"

"मग तेवढं एक माझं का नको?" सून म्हणाली.

"आणि माझ्या व्हिनेगरचं काय?" बहीण म्हणाली.

ताटं वाढली गेली, म्हणजे आपटली गेली. मेव्हणा आणि मुलगा, या खडाजंगीत मागून येऊन सापडलेले, ताटात मान घालून बसले. हिने डाव्या हाताने माझ्या ताटात रस्सा वाढला, अर्धा टेबलावर. तिघी जेवायला बसल्याच नाहीत. माझ्या डोक्यावर उभ्या राहिल्या.

"सांगा आता," ही म्हणाली. "हा रस्सा कोणाचा?"

"दादा, खरं बोल."

"बाबा, घाबरू नका."

मी घास घेतला. संत्रं लागलं. आलुबुखार लागला. भांडणामुळे तळाला लागलेला कांदाही लागला. मी सावकाश चावलं. हिचा प्लास्टरमधला हातसुद्धा मूठ वळू पाहत होता.

मी दुसरा घास घेतला, खात्री करून घेतली आणि म्हणालो,

"जरा मीठ देता का?"