भुऱ्याच्या पट्ट्या

रताळ्याची पट्टी दोन उन्हं खाल्ली की कडेने चामड्यासारखी होते आणि मध्ये थोडी लवचीक राहते. भुऱ्या कुत्र्याच्या दातांवरचा पिवळा थर घासायला हेमांगीला ती नेमकी तशीच हवी होती. तिने पट्ट्या गच्चीवर, ज्वारीच्या पापडांच्या, म्हणजे बिबड्यांच्या शेजारी वाळत घातल्या. राखणीला तिचे सासरे, अभिमननाना, काठी घेऊन बसले. त्यांची एक दाढ दिवाळीपासून हलत होती, पण डॉक्टरचं नाव काढलं की ते उठून जात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निम्म्याच पट्ट्या उरल्या होत्या.

"नाना, कावळे आले होते का?"

"एक बी नही."

"मग पट्ट्या कुठे गेल्या?"

"राखणदारनी चाखानं नही का? मीठ मात्र तू इसरनी."

"मीठ घालायचं नव्हतंच. त्या भुऱ्यासाठी होत्या, दात साफ व्हायला."

नानांनी गालावर हात ठेवला. खाल्लेल्या शेवटच्या पट्टीत दाढ रुतली होती आणि आता ती नुसती लोंबत होती. समोर भुऱ्या आपली पट्टी सावकाश, मजेत चावत होता. नाना त्याच्या दातांकडे बराच वेळ बघत राहिले.

"चाल बेटा, दाढ काढी टाकूत," ते म्हणाले. "पण माणसंना डाक्टरकडे."