निळ्या रंगाची टाकी

ताहेरच्या गाडीवर हवेची टाकी बसवता बसवता आमाले दुपार झाली. बोल्ट तिसऱ्यांदा खोलला तवा वाटलं, आता टाकी याच्याच डोक्यावर बसवावी.

ताहेर आन मी अमरावतीत एकाच गल्लीत राह्यतो. त्याचं पंक्चरचं दुकान रस्ता रुंद करण्यात गेलं. मंग त्यानं जुनी पिकअप घेतली, मांगं कंप्रेसर बसवला. शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे ट्रक बायपासले उभे राह्यतेत, कोणाचा टायर बसला का हा गाडी घेऊन जाणार. पण ट्रकच्या टायरले नुसता कंप्रेसर लई वेळ घेते, झटपट भराले हवा साठवाची टाकी लागते. ते त्यानं अकोल्याच्या भंगारातून आणली. वरून निळा रंग, नवरीवानी चकचकीत. गाडीत जागा एकच होती, ड्रायव्हरच्या शिटाच्या बरोबर मांगं.

पट्टे आवळून झाले. पाणी काढाची खालची तोटी मी सहज खोलली. चहासारखं लाल पाणी आलं, संगं गंजाच्या खपल्या. पान्यानं ठोकून पाह्यलं. बाकी टाकी टणटण वाजे, बुडाले भद्द आवाज. मी कंप्रेसरची नळी काढून घेतली.

"ताहेर, हे लावू नोको. अंदरून गंजानं खाल्ली. फुटन."

त्यानं मान बी वर नाई केली. "हो. सकाळी आरटीओवाला गल्लीत आला होता, तसंच ना?"

सकाळी मी तशी थाप मारली होती खरी. गाडीचे कागद घेऊन ताहेर अनवाणी पळाला होता.

"भाभी, तुमी तरी समजवा याले," मी त्याच्या बायकोले, कुलसुमबीले म्हणलो.

"उत्तमभाऊ, मागल्या महिन्यात तुमी म्हणले गॅस बंद होणार. अजून लाकडं पडून आहेत माया घरात."

मलेच हासू आलं. पण पत्र्यावर हात ठेवला तं चटका बसे, कंबर धरली होती, आन आता भांडाचा बी कंटाळा आला होता.

"बरं," म्हणलो. नळी परत जोडली आन टाकीवरच जाऊन बसलो, पाय सोडून. "कर चालू."

"उतर बे."

"काहून? मजाक आहे ना? भर हवा."

त्यानं चालू केलं. टाकी बुडाखाली थरथरे. दाबाचा काटा एकवर गेला, दोनवर गेला. ताहेर माया तोंडाकडं पाहून राह्यला होता, मी कधी डोळा मारतो म्हणून. काटा तीनकडं सरकला तसं त्यानं बटन बंद केलं.

"उतर, उत्तम. उतर, भाऊ."

उतरलो. तोटी खोलून भरलेली हवा सोडून देली.

पुन्हा सारे पट्टे खोलले. हवेनं तपासली तं टाकी अंगावर फुटते, पाण्यानं तपासली तं नुसती गळते. म्हणून शेजारच्या किसनरावचा संत्रा फवाराचा पंप मागून आणला. टाकी पाण्यानं गच्च भरली आन पंपानं दाब देला. काटा पाचवर आला आन बुडातून सुतळीएवढी धार निंघाली, थेट ताहेरच्या पॅन्टवर. एरवी हासाले गल्ली गोळा केली असती मी.

ताहेर खालीच बसला. "आठवर भरणार होतो," तो म्हणे. "आन उद्या शाइस्ता येणार होती संगं." शाइस्ता त्याची पोरगी.

"उद्या अकोल्याले जाऊ," मी म्हणलो, "परत करू. नाई घेतली तं मी पाह्यतो त्या भंगारवाल्याकडं."

"घेईन तो. खुशीनं घेईन. बुडाले लांबी-पुट्टी भरन, वरून रंग मारन आन दुसऱ्याच्या पाठीमांगं बसवाले देईन."

ताहेर उठला. टाकीतलं पाणी सांडलं, ड्रिल मशीन आणली.

"पाय दे हिच्यावर."

मी पाय देला. त्यानं एक भोक पाडलं, मंग दुसरं, मंग तिसरं. निळा रंग वळ्या वळ्या होऊन खाली पडे.

कुलसुमबी चहा घेऊन आली, टाकीकडं पाहून उभी राह्यली. "मंग उद्याचं काय?"

"जाईन ना," ताहेर म्हणे. "बिगर टाकीचा. हळू भरन."